लाखेच्या मोहोरेपासून हॅशपर्यंत

निजामी अमदानीत नांदेडचे सरकारी दप्तर उर्दूत चाले. १९४८ च्या सप्टेंबरात अंमल पालटला, पुढे दप्तराची भाषाही पालटली, परंतु पंचांसमक्ष मुद्देमाल लाखेच्या मोहोरेने बंद करण्याचा रिवाज कायम राहिला. लाखेची मोहोर जिला लावता येत नाही, त्या संगणकीय नोंदीस २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुराव्याचे स्थान दिले, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात हॅशमूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, आवश्यक ठरले. नवशिक्या तपासी अंमलदारास प्रथम शिकवावयाचे ते हेच की, जप्त मोबाइलचा बाह्य संपर्क तोडावा, मूळ साठ्यात फेरफार न होऊ देता त्याची प्रतिकृती घ्यावी व दोहोंचे हॅशमूल्य पडताळावे. कारण एक अक्षर बदलले तरी ते मूल्य सर्वस्वी पालटते. नांदेडास प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेच. परंतु जप्तीचे हे शिक्षण आता जिल्ह्यातील किनवट-देगलूरच्या ठाण्यांपर्यंतही सरकारने अगत्याने पोहोचवावे.