स्टेशनजवळचे घर : भाडे, अंतर आणि करार

मुंबईतील भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हे शब्द हटकून आढळतात. ज्या शहरात नोकरदाराचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो, तेथे या पाच मिनिटांचे मोल भाड्यात वसूल होणे स्वाभाविकच होय. मात्र ही पाच मिनिटे पायी की रिक्षाने, याचा खुलासा जाहिरातीत क्वचितच असतो. म्हणून घर पसंत करण्यापूर्वी सकाळी कामाच्या वेळी ते अंतर स्वतः चालून पाहणे इष्ट. घर पूर्वेला आणि नित्याचा बाजार पश्चिमेला असल्यास पुलाची चढउतारही हिशेबात धरावी लागते. पावसाळ्यात वाटेवर पाणी साचते का, याची चौकशी शेजारच्या दुकानदारांकडे करावी.

स्टेशन कोणते, यालाही महत्त्व आहे. घाटकोपरला जलद गाड्या थांबतात. लगतच्या विद्याविहारला मात्र धिम्या गाड्यांवरच विसंबावे लागते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि ११.४ किलोमीटरच्या या मार्गाने पश्चिम व मध्य रेल्वे जोडल्या गेल्या. त्यामुळे लोकल स्थानकापासून दूर असलेले, पण मेट्रोलगतचे घरही विचारात घेण्याजोगे ठरते.

मोक्याचे घर हातचे जाईल, या धास्तीने अनेकजण घाईने अनामत रक्कम देऊन मोकळे होतात आणि करार साध्या कागदावर उरकतात. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज त्यास कारणीभूत आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असून, कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

नोंदणी मालकाच्याही हिताची आहे. कलम २४ नुसार मुदत संपताच जागा रिकामी करणे बंधनकारक असून, तसे न करणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

नोंदणीचा खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. ते मुदतीतील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर आकारतात. दरमहा ३० हजार भाडे, एक लाख अनामत आणि ११ महिन्यांची मुदत धरल्यास ते सुमारे ८५० रुपये होते. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क एक हजार रुपये असते. ही नोंदणी ऑनलाइनही करता येते.

करारात अनामत रक्कम परत करण्याची मुदत, नोटिशीचा कालावधी, सोसायटीचे शुल्क कोण भरणार आणि रंगकाम-दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट लिहून घ्यावे. अनामत रक्कम रोखीने न देता धनादेशाने अथवा बँकेमार्फत द्यावी. स्टेशनजवळच्या घरामुळे रोजचा अर्धा तास वाचेल. पण घामाच्या पैशातून दिलेली अनामत सुखरूप परत मिळण्यासाठी नोंदणीकृत कराराचाच आधार असतो.