गिरणगाव

मुंबई शहराच्या मध्य भागातील कापडगिरण्या व त्यांतील कामगारांच्या चाळी यांनी मिळून बनलेल्या परिसराचे लोकरूढ नाव. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, वरळी व प्रभादेवी या भागांचा त्यात सामान्यतः समावेश होतो. शासनाने वा नगरपालिकेने या नावाचे गाव कधी वसविले नाही. तेथे राहणाऱ्यांनीच ते नाव रूढ केले. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियाकाळात काही गिरणीमालकांनी स्वतः कामगारांची गावे वसविली. टायटस सॉल्ट याने ब्रॅडफर्डजवळ १८५३ मध्ये गिरणी सुरू करून तिच्याभोवती सॉल्टेअर हे गाव उभारले. तेथील घरे, शाळा, रुग्णालय व प्रार्थनामंदिर ही सर्व मालकाची होती. मुंबईच्या बहुतेक मालकांनी मात्र गिरण्या बांधल्या आणि वस्तीचा प्रश्न कामगारांवर व खाजगी घरमालकांवर सोपविला. गिरणगावाच्या सामर्थ्याचे आणि त्याच्या दौर्बल्याचेही मूळ या फरकात आहे.

स्थापना व विस्तार : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बाँबे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली व ताडदेव येथील तिच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकाशरला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाल्याने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना अमाप नफा झाला. १८६५ मध्ये ही तेजी कोसळली. तथापि व्यापारातील भांडवल पुढे कारखानदारीकडे वळले. १८७० मध्ये शहरात १३ गिरण्या होत्या, १८९५ मध्ये त्यांची संख्या ७० झाली. गिरणीमालकांची संघटना १८७५ मध्येच स्थापन झाली होती. दाट वस्तीच्या जुन्या शहराच्या उत्तरेकडील सखल भातखाचरे व माडांच्या वाड्या स्वस्त होत्या, तलावांचे पाणी मिळत होते व लोहमार्ग जवळ होते. म्हणून गिरण्या भायखळ्यापासून परळकडे सरकत गेल्या. प्रारंभी त्यांचा भर सूतकताईवर होता व सुताची मोठी निर्यात चीनला होत असे. जपानी स्पर्धेमुळे ही बाजारपेठ आकसू लागल्यावर विणकामास महत्त्व आले.

कामगार व वस्ती : कामगारांत सर्वांत मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा होता, त्याखालोखाल सातारा, पुणे, कोल्हापूर इ. घाटावरील भागांतून व पुढे उत्तर भारतातूनही लोक आले. तुटपुंजी शेती व कर्ज यांमुळे पुरुष मुंबईस येत. कुटुंब बहुधा गावीच राही. कामावर घेणे व काढणे जॉबरच्या हाती असे. खोली मिळवून देणे, उसनवारीस जामीन राहणे हीही कामे तोच करी. कामगार मिळेल तेव्हा ‘बदली’ म्हणून लागे आणि बऱ्याच काळानंतर कायम होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सु. एक-पंचमांश होते, त्या मुख्यतः कांडी भरण्याच्या व सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत.

चाळीतील एका खोलीत एकाच गावचे अनेक पुरुष भाड्याची वाटणी करून राहत. एक पाळी कामावर गेली, की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागी झोपत. जेवणाची सोय कामगारांच्या घरच्या वा गावच्या स्त्रियांनी चालविलेल्या खाणावळीत होई. १८९६ च्या प्लेगच्या साथीत कामगार मोठ्या संख्येने गावी परतले व गिरण्या ओस पडल्या, तेव्हा या वस्तीच्या दुरवस्थेकडे सरकारला लक्ष द्यावे लागले. १८९८ मध्ये नगरसुधारणेसाठी ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाइल रोड (विद्यमान ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतील खोली सु. १६० चौ. फुटांची होती.

सामाजिक जीवन : गाववार मंडळे, तालमी, भजनी मंडळे व व्यायामशाळा यांनी या वस्तीला खऱ्या अर्थाने गावाचे रूप दिले. मंडळाच्या वर्गणीतून आजारी माणसाला गावी पोचविले जाई आणि गावच्या देवळाचा जीर्णोद्धारही होई. गणेशोत्सव, नमन, दशावतार, शाहिरी व कामगार रंगभूमी यांची परंपरा येथे वाढली. ‘सोशल सर्व्हिस लीग’ने (स्थापना १९११) वाचनालये व रात्रशाळा चालविल्या. शाहीर अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांच्या कलापथकांना येथेच श्रोता लाभला. नारायण सुर्वे यांच्या कवितेचा पिंडही याच वस्तीत घडला.

कामगार चळवळ : नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली व ‘दीनबंधू’ पत्रातून त्यांची गाऱ्हाणी मांडली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली. लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा जुलै १९०८ मध्ये कामगारांनी सहा दिवस संप केला. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध झालेला संप यशस्वी ठरला. सरकारने देशी कापडावरील अबकारी कर तहकूब केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली. एका कामगाराकडे अधिक साचे व चात्या सोपविण्याच्या योजनेविरुद्ध १९२८ मध्ये सु. दीड लाख कामगारांचा संप सहा महिने चालला आणि त्याच वेळी श्रीपाद अमृत डांगे (१८९९–१९९१) प्रभृतींच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार युनियन उदयास आली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही गिरणगाव अग्रेसर होते.

हे दीर्घ संप टिकले, त्याचे कारण केवळ नेतृत्वात शोधता येत नाही. चाळ हीच संपाची चौकी होती. वाणी उधारीवर धान्य देई, खाणावळ थांबून राही आणि बरेच कामगार कोकणात वा घाटावर शेतीच्या कामाला जात. मात्र याच शेतीच्या आधारामुळे मालकांना कमी वेतनात कामगार मिळत. घराचा व म्हातारपणाचा खर्च गिरणीऐवजी गावाने सोसला.

ऱ्हास : स्वातंत्र्योत्तर काळात यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणाकडे अनेक मालकांनी दुर्लक्ष केले. विणकाम उत्तरोत्तर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेले. मुंबईत उद्योगांची आणखी दाटी होऊ नये, असे शासनाचे धोरण होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) ठाणे खाडीपलीकडे महापे, रबाळे, तुर्भे इ. गावांच्या परिसरात नवे औद्योगिक क्षेत्र उभारले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत (१९३२–९७) यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि औद्योगिक संबंध अधिनियमान्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघास असलेली प्रातिनिधिक मान्यता रद्द करणे, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेण्यात आला नाही. दीड वर्षानंतर तो विरत गेला. एक लाखाहून अधिक कामगारांची नोकरी गेली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले.

जमिनीचा प्रश्न : गिरण्यांपाशी सु. ६०० एकर जमीन होती आणि शहर वाढल्याने तिचे मोल कापडापेक्षा कितीतरी अधिक झाले होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पुनर्विकासाच्या वेळी या जमिनीचे महानगरपालिका (मोकळ्या जागांसाठी), म्हाडा (घरांसाठी) व मालक असे तीन वाटे ठरविले. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मूळ बांधकामाची जागा वगळून उरणाऱ्या रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित झाली. त्यामुळे सार्वजनिक वाटा फार घटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. कामगारांच्या घरांसाठी सु. पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ पासून सोडतीने घरे देण्यात येऊ लागली. त्यांतील काही घरे पनवेलजवळील कोन येथे, म्हणजे खाडीपलीकडे आहेत.

गिरण्यांच्या जागी व्यापारी संकुले, कार्यालये व उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकाची योजना हाती घेण्यात आली. चाळी मात्र गिरण्यांमागून दीर्घकाळ टिकून राहिल्या, कारण १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले होते. गिरणीची जमीन मालकाच्या नावे होती. कामगाराच्या नावे फारतर एका खोलीची भाडेपावती असे. गिरणगाव ज्यांनी वसविले, त्यांपैकी जे तेथे राहू शकले, ते मुख्यतः या पावतीच्या बळावर.