बाजाराच्या गावाला पाणी कोणाचे? महाड नगरपालिकेच्या एका ठरावाची गोष्ट

थ्रेड १/
२० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हा प्रसंग आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे. परंतु त्याआधी तीन वर्षे नगरपालिकेच्या दप्तरात एक ठराव पडून होता, तो फारसा कोणी वाचत नाही. आजची हकीकत त्या ठरावाची.

२/
महाड हे सावित्रीकाठचे पेठेचे गाव. वरंधा घाट आणि पोलादपूरकडून आंबेनळी घाट, या दोन वाटांनी घाटमाथ्याशी जोडलेले. तालुक्याची कचेरी इथेच, त्यामुळे आसपासच्या खेड्यांतील माणूस दोन कारणांनी महाडला येई : बाजारासाठी आणि सरकारी कामासाठी. वतनी महारांना तर गावकामगार म्हणून कचेरीत यावेच लागे.

३/
बाहेरून येणाऱ्यास पाणी मिळण्याचे सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळे. ते अस्पृश्यांना बंद होते. त्यांच्यासाठी उरे ती अस्पृश्य वस्तीतील एक विहीर. बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे की ही विहीर गावाच्या मध्यापासून दूर होती आणि नगरपालिकेच्या हेळसांडीमुळे गाळाने भरली होती.

जरा थांबून विचार करा. बाजार ज्यांच्या येण्याजाण्यावर चालतो, त्यांतील एका मोठ्या वर्गाला घोटभर पाणी देण्याची सोय त्या बाजाराच्या नगरपालिकेकडे नव्हती. हा धर्माचा प्रश्न होताच. पण तो नागरी कारभाराचाही होता.

४/
४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सप्टेंबरात सरकारने खातेप्रमुखांना तशा सूचना दिल्या. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले. सुरबानाना टिपणीसांसारखे सुधारक तेव्हा महाडच्या सार्वजनिक जीवनात होते, हे विसरता कामा नये.

५/
मग घडले काय? काहीच नाही. ठराव कागदावर, तळे पूर्ववत.

बोले यांनी रोग नेमका ओळखला होता. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व स्थानिक मंडळे हे धोरण अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. स्थानिक संस्थेला उपदेशाने नव्हे, तिजोरीच्या वाटेने सुधारावे, ही सूझ आजच्या प्रशासनशास्त्रातही नवी वाटणार नाही. पण विधिमंडळाचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. ती अमलात आणणे सरकारच्याच मर्जीवर.

६/
मार्च १९२७ च्या परिषदेचा एक आकडा माझ्या मनातून जात नाही : ४० रुपये. दोन दिवसांच्या परिषदेसाठी एवढ्या किमतीचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. कुठे? ज्या गावचे तळे कागदोपत्री तीन वर्षांपूर्वीच खुले झाले होते तिथे! रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आदी कार्यकर्त्यांनी परिषद उभी केली, आणि दुसऱ्या दिवशी सारा समुदाय तळ्याकडे निघाला. नंतरची मारहाण आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ आपणांस ठाऊक आहेच.

७/
याहून बोलका प्रसंग पुढचा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या सभेने दार उघडले तिनेच ते लावून घेतले. त्या काळी नगरपालिकेच्या मतदानाचा हक्क कर व मालमत्तेशी बांधलेला होता. ज्यांना पाणी हवे होते त्यांतील बहुतेकांना मत नव्हते. ज्यांना मत होते त्यांच्या घरी पाणी होते.

८/
डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मंडपासाठी जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. १२ डिसेंबरला स्पृश्य पक्षाने दिवाणी दावा लावला, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम निघाला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र न्यायालयाचा मान राखून तहकूब केले गेले.

९/
पुढे खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. वादींचे म्हणणे : तळे स्पृश्यांचे, रूढी अनादि काळापासूनची. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ते फेटाळले. अशी रूढी सिद्ध होत नाही आणि तळे खाजगी नव्हे, नगरपालिकेच्या ताब्यातील आहे, असा निष्कर्ष निघाला. ज्या नगरपालिकेने आपला शब्द मागे घेतला होता, तिचे तळे सर्वांचे आहे हे अखेर तिच्या सभागृहाबाहेर ठरले.