हिशोबात न धरलेला खर्च

आपल्या ग्रुपवर १९५४ च्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी बऱ्याच येतात. मी त्या वेळचा नाही. मी १९८८ साली बँकेच्या बदलीवर सिल्वासाला आलो आणि इथलाच झालो. म्हणून मी लिहितोय ते मला माहीत असलेल्या इतिहासाबद्दल, म्हणजे आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल.

तेव्हा करसवलतींमुळे इथे कारखाने येत होते, आणि त्यांच्या मागोमाग खानदेश, नाशिक, कोकणातून आपली माणसं. बहुतेकांकडे स्कूटर. वापी स्टेशन गाठायचं तर रिक्षा नाहीतर बस. कुर्ल्याला बनलेली फियाट म्हणजे श्रीमंती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि नोकरदार माणूसही गाडीचं स्वप्न बघायला लागला. त्या स्वप्नाचे हप्ते आमच्या टेबलावर ठरायचे. मी किती जणांची वाहनकर्जं मंजूर केली, मोजदाद नाही.

मोठी, उंच गाडी मात्र घरासाठी नसायची. जीप म्हणजे सरकारी खात्याची, नाहीतर ठेकेदाराची. १९९४ ला पुण्याहून टाटा सुमो आली. सुमंत मूळगावकरांच्या नावातला ‘सु’ आणि आडनावातला ‘मू’ घेऊन तिचं बारसं झालं, हे तेव्हा आम्ही अभिमानाने सांगायचो. मग नाशिकहून २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ. घाटरस्त्याला दणकट, पण माझ्यासारख्याला किंमत आणि इंधन, दोन्ही झेपणारं नव्हतं.

मी १९९९ साली डोकमर्डीच्या घरासमोर एक सेकंडहँड पेट्रोल गाडी आणून उभी केली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीपेक्षा माझ्या हट्टाचा जास्त. पहिली पाच-सहा वर्षं बरी गेली. मग कधी रेडिएटर, कधी क्लच प्लेट, कधी वायरिंग. ॲव्हरेज लिटरला नऊ. मी सगळा खर्च वहीत लिहायचो आणि दरवर्षी स्वतःलाच पटवायचो, “नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा दुरुस्ती स्वस्त.” कॉमर्सचा पदवीधर ना मी! लोकांना नवी गाडी घ्यायला कर्ज देणारा माणूस स्वतः शेजाऱ्यांकडून धक्का मारून घ्यायचा, यावर गल्लीत विनोद व्हायचे. मीही हसायचो.

जुलै २०१५. पहाटे नाशिकहून फोन आला, हिच्या दादांची तब्येत फार बिघडली होती. आम्ही खानवेलवरून जव्हार, मोखाडा, त्र्यंबक या रस्त्याने निघालो. पाऊस धो धो. जव्हारच्या अलीकडच्या चढावर काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ, आणि गाडी बंद. मोबाइलला रेंज नाही. एक वारली बाबा घरातून कळशीभर पाणी घेऊन आले, पण इंजिन काही उठेना. शेवटी भाजीच्या टेम्पोत बसून जव्हार, तिथून एसटी. नाशिकला पोचलो तेव्हा दोन तास झाले होते दादांना जाऊन.

ही मला एका शब्दाने बोलली नाही. दहाव्याला गेलो तेही एसटीने. परतताना एवढंच म्हणाली, “त्या गाडीत मी आता घाट चढणार नाही.” घरी येऊन वही उघडली. सोळा वर्षांची बेरीज होती, पण त्या दोन तासांसाठी रकाना नव्हता.

मग मी नव्या गाडीचा अभ्यास केला, बँकेत प्रपोजल तपासायचो तसा. तेव्हा कळलं की, छोट्या एसयूव्ही अचानक का दिसायला लागल्या. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. अट अशी की, लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. कंपन्यांनी उंच गाडीच त्या मापात बसवली. मार्च २०१६ ला आलेली मारुतीची विटारा ब्रेझा लांबीला ३,९९५ मिलिमीटर, डिझेल इंजिन १,२४८ सीसीचं. म्हणजे करसवलतीने इथे कारखाने आणले, तसाच आमच्या गाडीचा आकारही करानेच ठरवला!

तिचं प्रमाणित मायलेज लिटरला २४.३. हे आकडे देणारी एआरएआय संस्था आपल्या पुण्याची, १९६६ पासूनची. पण तो आकडा चाचणीतला. मी हिशोबाला १८ धरले, आणि पुढे साधारण तेवढेच मिळाले. महिन्याला ९०० किलोमीटर, म्हणजे जुनीला १०० लिटर पेट्रोल, नवीला ५० लिटर डिझेल. शिवाय जमिनीपासून १९८ मिलिमीटर उंच, पावसाळ्यातल्या आपल्या खड्ड्यांना पुरेशी. माझ्या गुडघ्यांनाही चढ-उतार सोपी. बुकिंग करून पाच महिने थांबलो.

गाडी आली तेव्हा पेढे वाटले, हार घातला. पहिली लांबची फेरी त्याच रस्त्याने नाशिकची. जव्हारच्या त्या चढावर ही काही न बोलता समोरच्या काट्याकडे बघत होती. काटा मधोमध. वर पोचल्यावर तिने डबा उघडला आणि मला चहा ओतून दिला.

एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आता मुलगा सीएनजी, हायब्रिड असं काहीबाही सुचवतो. या वेळी मी हट्ट करणार नाही. तरुण मंडळींनो, तुम्ही वही जरूर ठेवा, पण वेळेवर न पोचण्याची किंमतही तिच्यात धरा. घरातलं माणूस रस्त्याऐवजी काट्याकडे बघायला लागलं, की जुनी गाडी महाग पडायला लागली असं समजा.

तुमच्या दारातली पहिली गाडी कोणती होती? जरूर लिहा.