खानदान आणि खानदानीपणा : भिस्ती राणेखान

१/८
‘खानदानी’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : थोर घराण्यात जन्मलेला आणि मनाने थोर असलेला. बोलण्याच्या ओघात दोन्ही एकच धरले जातात. १७८८ साली दिल्लीत मात्र हे दोन अर्थ समोरासमोर उभे ठाकले.

२/८
आरंभ पानिपताचा. १४ जानेवारी १७६१ रोजी पराभवानंतर रणांगणातून निघालेल्या महादजी शिंद्यांना एका अफगाण स्वाराने गाठले, पायावर घाव घातला आणि दागिने व घोडी घेऊन तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून पखालीच्या बैलावर घातले आणि दक्षिणेच्या वाटेला लावले. पुढे माळव्यात राहिलेल्या जॉन माल्कमने ही हकीकत नोंदवली आहे.

३/८
त्या दिवशी महादजींपाशी देण्यासारखे काही नव्हते. दत्ताजी आदल्या वर्षीच पडले होते, जनकोजी पानिपतात गेले. महादजींच्या जन्मावर अनौरसपणाचा आक्षेप होता. शिंद्यांची सरदारी त्यांच्याकडे येण्यास आणखी सात वर्षे लागली. या जखमी माणसाला वाचवून काय लाभेल, हे कोणालाच सांगता आले नसते.

४/८
पुढे दिवस पालटले, तेव्हा महादजींनी राणेखानाला इनाम देऊन वाटेला लावले नाही. त्याला ‘भाई’ म्हटले आणि सेनानी केले. इनामाने उपकार फिटतो. ‘भाई’ या संबोधनाने भिस्त्याला घरात स्थान मिळाले.

५/८
दुसऱ्या बाजूला गुलाम कादर : नजीबखानाचा नातू, झाबेताखानाचा पुत्र, मोगल दरबारातील उमराव. १७८८ च्या जुलैत त्याने दिल्लीचा लाल किल्ला ताब्यात घेतला. खजिन्याच्या शोधात राजवाडा खणला, शाहजाद्यांचे व स्त्रियांचे हाल केले आणि १० ऑगस्टला साठीच्या शाह आलम बादशहाचे डोळे काढवले.

६/८
या द्वेषाला पूर्वपीठिका होती. १७७२ मध्ये बादशहा आणि मराठे यांच्या फौजांनी पथरगड लुटला, झाबेताखानाचे कुटुंब पकडले. सूडाचे कारण खरे होते. परंतु तो उगवला गेला निःशस्त्र वृद्धावर आणि बायकामुलांवर.

७/८
दिल्ली सोडवण्यास महादजींनी धाडलेल्या फौजेचा प्रमुख होता राणेखान. ऑक्टोबरपर्यंत राजधानी मराठ्यांच्या हाती आली आणि आंधळा शाह आलम पुन्हा बादशहा म्हणून घोषित झाला. मीरतच्या वेढ्यातून निसटलेला गुलाम कादर डिसेंबरात पकडला गेला. मार्च १७८९ मध्ये महादजींच्या कैदेत त्याला हालहाल करून मारण्यात आले. क्रौर्य एकाच पक्षाचे नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

८/८
आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या नजीबखानामुळे गुलाम कादर खानदानी ठरला, तो स्वतः साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला होता. म्हणजे ते खानदान अवघ्या तीन पिढ्यांचे! पहिल्याने मनगटाच्या बळावर पद मिळवले, तिसऱ्याला ते जन्माने लाभले. राणेखानाच्या मागे वंशावळ नव्हती. त्याच्या मोठेपणाचा आरंभ पखालीच्या बैलावर घेतलेल्या एका जखमी, निष्कांचन माणसापासून झाला.