समूहनृत्यरचना : ठाणे–कल्याण परिसर

अनेक नर्तकांचे पदन्यास, हस्तविक्षेप, दिशा व परस्परांतील अंतर यांची एका कल्पनेनुसार केलेली बांधणी म्हणजे समूहनृत्यरचना. एकल नृत्यात आशय मुख्यतः नर्तकाच्या हस्तमुद्रांतून व मुखाभिनयातून प्रकट होतो. समूहनृत्यात तो नर्तकांच्या मिळून होणाऱ्या आकृतीवरही अवलंबून असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात चौथ्या अध्यायात पिंडी, शृंखलिका, लताबंध व भेद्यक असे समूहरचनेचे चार प्रकार सांगितले आहेत. घोळका, साखळी, वेलीसारखी गुंफण आणि समूहातून सुटून वेगळे होणे, असा त्यांचा स्थूलमानाने अर्थ होतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरात समूहनृत्य खळ्यात, रंगमंचावर आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर अशा तीन ठिकाणी दिसून येते. स्थान बदलले की रचना कशी बदलते, हे त्यांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात समुद्रकिनारा, खाडीकाठ व डोंगरपट्टी या तिन्हींचा समावेश होता. डोंगरपट्टीतील वारल्यांचे तारपा नृत्य पिकांच्या हंगामाशी निगडित आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडपानांचा कर्णा यांपासून तयार केलेले तारपा हे सुषिर वाद्य या नाचाचे केंद्र होय. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात आणि वादकाभोवती फिरतात. साखळीची टोके जुळत नसल्याने वर्तुळ बंद न होता शंखाकृती वळण घेत जाते. हात गुंतलेले असल्यामुळे हस्तमुद्रांना येथे वाव नाही. पावलांचे ठेके, गुडघ्यांची लवण आणि साखळीचे वळण यांतूनच नाचाला वैविध्य येते. वादकाने सुरावट बदलली की पावले बदलतात. रचनेतील पालट केव्हा करावयाचा, याचा निर्णय अशा रीतीने वादकाकडे असतो. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या वारली चित्रांमुळे ही शंखाकृती रचना जगभर परिचित झाली.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या खाडीकाठच्या वस्त्यांतील कोळी नृत्याची घडण निराळी आहे. वल्हे मारणे, जाळे फेकणे, ते ओढून घेणे या व्यवसायातील क्रिया त्यात येतात. क्रियेचे नृत्यात रूपांतर होताना ती प्रथम भारमुक्त होते. मग तालाच्या मात्रांत बसते आणि अखेर समूहात वाटली जाते. वल्ह्याचा झोका सर्वांनी एकाच वेळी घेतला तर नाव चालल्याचा भास होतो. तोच एकामागून एक घेतला तर लाट उसळल्याचा. हालचाल तीच राहून केवळ क्रम बदलल्याने अर्थ बदलतो, हे समूहरचनेचे मूलतत्त्व येथे सहज प्रत्ययास येते. समोरासमोरच्या रांगा व जोड्या यांमुळे नाचाला संवादाचेही रूप मिळते.

लोकनृत्यातील अशा सामग्रीचा रंगमंचासाठी जाणीवपूर्वक उपयोग करण्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गती मिळाली. उदय शंकर (१९००–७७) यांच्या अलमोडा येथील केंद्रात विविध नृत्यशैलींच्या मिलाफातून समूहरचना सिद्ध झाल्या. तेथून पुढे आलेल्या शांती बर्धन (१९१६–५४) यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिट्ल बॅले ट्रुप ही संस्था स्थापन केली. त्यांच्या रामायण या नृत्यनाट्यातील पात्रे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालतात. एकच नियम सर्व हालचालींना लावल्याने संपूर्ण रचनेत एकसूत्रता कशी येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने १९५३ पासून होऊ लागलेल्या लोकनृत्य महोत्सवामुळे लोकनृत्याला मर्यादित वेळेत व प्रेक्षकाभिमुख स्वरूपात मांडण्याची पद्धत रूढ झाली.

ठाण्यात १९७८ मध्ये राम गणेश गडकरी रंगायतन सुरू झाले. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर व डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ही या परिसरातील अन्य नाट्यगृहे होत. अशा रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूस असल्याने वर्तुळाची कमान करावी लागते, मागील रांगेच्या हालचाली मोठ्या कराव्या लागतात आणि रचनेला निश्चित आरंभ, उत्कर्ष व शेवट द्यावा लागतो. रस्त्यावरील रचनेच्या गरजा याहून भिन्न आहेत. डोंबिवलीत विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसारख्या मिरवणुकीत नर्तक पुढे सरकतात व प्रेक्षक जागीच उभे राहतात. प्रत्येक प्रेक्षकाला नाचाचा काही क्षणांचाच भाग दिसतो. त्यामुळे लेझीमसारख्या प्रकारांत थोड्या मात्रांची, स्वयंपूर्ण आणि पुन्हा पुन्हा येणारी आवर्तने उपयुक्त ठरतात.

लोकनृत्य रंगमंचावर आणताना होणारे सर्वच बदल सारख्या महत्त्वाचे नसतात. कोळी नृत्यातील रांगांची दिशा बदलली तरी त्याचा गाभा बहुधा टिकून राहतो. तारपा नृत्य मात्र ध्वनिमुद्रित सुरावटीवर बसविले, तर पावले व वळणे कायम राहूनही नाचाची मूळ व्यवस्था नाहीशी होते. कारण पुढचा पालट केव्हा येणार हे नर्तकांना आधीच ठाऊक असते व वादकाकडे लक्ष देण्याचे प्रयोजन उरत नाही. म्हणून रचनाकाराने एखाद्या लोकनृत्यातील आकृती व हालचाली उचलण्यापूर्वी त्यातील पालट कोण ठरवितो, हे जाणून घेणे आवश्यक ठरते. वादकाला रंगमंचावर नर्तकांच्या मध्यभागी ठेवून व वेळेची मर्यादा सैल करून ही व्यवस्था बऱ्याच अंशी जपता येते.