मुठीचे मोल आणि पात्याचे लोखंड : सूरजागड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

तलवारीचे मोल पात्यावर ठरावे की मुठीवर, हा शस्त्रांच्या इतिहासातील जुना प्रश्न आहे. लढाई पात्याने होते. सोने, चांदी आणि रत्ने मात्र मूठ, परज व म्यान यांना लागतात. हा वाढीव खर्च सार्थ होता काय, याचा विचार सूरजागडच्या पार्श्वभूमीवर करणे उद्बोधक ठरते. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील हा डोंगर उच्च प्रतीच्या लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे; माडिया समाजाच्या दृष्टीने ते ठाकूरदेवाचे स्थान असून तेथे दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. ज्या मुलखात लोखंड पायाखाली होते, त्या मुलखाच्या राज्यकर्त्याने तलवारीचे पाते युरोपातील वापरले आणि सोने मुठीवर चढविले. ही विसंगती हाच प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

रघुजी भोसले यांची तलवार

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले (पहिले) यांनी १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य आपल्या अंमलाखाली आणले. सूरजागडचा परिसर चांद्याच्या पूर्वेकडील जमीनदाऱ्यांत मोडत असे. तेथील जमीनदार नागपूरला टाकोळी भरीत. त्यापलीकडे भोसल्यांची सत्ता त्या जंगलात फारशी पोहोचली नाही. रघुजींचे निधन १७५५ मध्ये झाले. त्यांच्या नावाची एक तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये लिलावात निघाली व महाराष्ट्र शासनाने ती मिळविली. वाहतूक, हाताळणी व विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी तलवार मुंबईत पोहोचली.

या तलवारीचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय घडणीचे आहे. मूठ मराठा धाटणीची असून तिच्यावर सोन्याचे कोफ्तकाम आहे. पात्याच्या पाठीवर देवनागरी सुवर्णलेख आहे. त्यात रघुजींचे नाव, 'सेनासाहेब सुभा' हा छत्रपती शाहूंनी दिलेला किताब आणि 'फिरंग' हा शब्द आढळतो. पाते परदेशी असल्याचे लपविण्याची गरज मालकाला वाटली नाही. उलट ते सोन्यात लिहून ठेवले गेले, ही बाब लक्षणीय आहे.

पाते परके का?

चांदा प्रदेशात लोखंड गाळले जात नव्हते असे नाही. मातीची लहान भट्टी, लाकडी कोळसा आणि कातड्याचे भाते एवढ्या साधनांवर गोंड व लोहार कारागीर खनिजातून लोखंडाचा गोळा काढीत आणि ठोकून त्यातील मळी वेगळी करीत. अशा लोखंडात कार्बनचे प्रमाण कमी असल्याने ते मऊ राहते. फाळ, कुऱ्हाड, विळा यांना ते चांगले. हातभर लांब, लवचीक आणि धार टिकविणाऱ्या पात्याला पोलादच लागते. उत्तम पोलाद गोदावरीपलीकडे कोनसमुद्रम येथे मुशीत तयार होत असे. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. व्हॉयसी यांच्या वर्णनानुसार ते विकत घेण्यासाठी इस्फहानचे व्यापारी तेथे येऊन राहत. म्हणजे दख्खनचे पोलाद इराणकडे जात होते आणि युरोपीय पाती किनाऱ्यावरील बंदरांतून दख्खनमध्ये येत होती. लांब, सरळ आणि वाकून पुन्हा पूर्ववत होणारी ही पाती मराठा स्वारांच्या पसंतीस उतरली. मूठ तेवढी देशी बसविली जाई.

मुठीतील उपयोग आणि अलंकार

देशी मुठीची रचना येथे समजून घेणे आवश्यक आहे. पात्याचा आखूड शेपटा मुठीच्या पोकळीत घालून लाख वा राळेच्या गरम मिश्रणाने घट्ट केला जाई. पाते तेच ठेवून मूठ बदलणे त्यामुळे सोपे होते. बोटांचे रक्षण करणारी परज, आतील कापडी गादी, पात्याच्या बुडाला आधार देणाऱ्या पट्ट्या हे सारे साध्या लोखंडातही तितकेच काम देते. शिपायाच्या दृष्टीने मुठीचा खर्च येथेच संपतो. यापुढचा पैसा हत्याराच्या बळात भर घालीत नाही.

अलंकाराचेही प्रकार होते. कोफ्तकामात लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवितात. यात सोने थोडे आणि मेहनत अधिक. हाताच्या घर्षणाने ते झिजतेही. तहनिशां कामात खोल खाच कोरून सोने भरतात. ते महाग, पण टिकाऊ. त्याहून वर भरीव सोन्याच्या व रत्नजडित मुठी.

टिकाऊपणाचे गणित मात्र येथे उलटे होते. सत्ता गेली की भरीव सोने वितळविले जाते, रत्ने उपटली जातात. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या जडजवाहिराचा लिलाव कलकत्त्यात झाला. कोफ्तकामातील सोने खरवडून काढण्याइतकेही नसते. तेव्हा मुठीवरचा मध्यम खर्च हाच सर्वांत सुरक्षित ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

जपानशी तुलना

जपानी तलवारीत पाते मुठीला बांबूच्या खिळीने, म्हणजे 'मेकुगी'ने, बसवितात. सारा साज सुटा होतो. पाते साध्या लाकडी 'शिरासाया' म्यानात ठेवून साज वेगळा जपण्याची तेथे रीत आहे. गोतो घराण्याने पंधराव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या केवळ हा साज घडविला. आजही संग्राहक 'त्सुबा' ही हातरक्षक चकती स्वतंत्र कलाकृती म्हणून विकत घेतात आणि १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानी तलवार-संरक्षण संस्था पात्याला व साजाला वेगवेगळी प्रमाणपत्रे देते. २८ मार्च १८७६ च्या आदेशाने सर्वसामान्यांस तलवार बाळगून फिरण्यास बंदी झाली, तेव्हा अनेक साजकार निर्यातीच्या शोभेच्या वस्तूंकडे वळले. पात्यावरही घडविणाऱ्याचे नाव असे. जपानमध्ये दोन्ही कारागीर नावाने ओळखले गेले.

चांद्याकडे असे घडले नाही. भारतातील शस्त्र कायदा आणि वन कायदा ही दोन्ही १८७८ ची अपत्ये. पहिल्याने तलवारीची मागणी आटली. दुसऱ्याने भट्टीला लागणाऱ्या लाकडी कोळशावर निर्बंध आले. त्यात विलायती लोखंड स्वस्त होत गेले. १८८२ मध्ये जमशेटजी टाटा चांद्याच्या लोहारा येथील खनिजाचा अहवाल वाचून या जिल्ह्याकडे वळले. वरोऱ्याचा कोळसा योग्य न ठरल्याने तो बेत राहिला. चर्चा तोवर मोठ्या कारखान्याची सुरू झाली होती, लहान भट्टीची नव्हे.

४७ लाख १५ हजार रुपयांत शासनाने घेतले ते पोलाद नव्हे. पाठीवरील लेख आणि मुठीची घडण यांसाठी ती रक्कम गेली, आणि इतिहासाचे साधन म्हणून ती वाजवी आहे. साध्या मुठीच्या तलवारी १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणात जप्त झाल्या, मोडल्या गेल्या. सूरजागडच्या आसपासचे लोखंड तर फाळात आणि कुऱ्हाडीतच राहिले. झिजले की लोहार ते पुन्हा तापवून दुसऱ्या अवजाराला जोडीत असे.